तळेगावची आत्या : आढळ, मशागत आणि उपयोग

तळेगावची आत्या ही वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात, नागपूर–अमरावती महामार्गालगत राहणारी, काहीही टाकून न देणारी व्यक्ती होती. मोडलेली फांदी, विटलेले लुगडे आणि रुसलेला नातेवाईक या तिन्ही गोष्टी तिच्या मते एकाच वर्गात मोडत. पहिलीला पाणी, दुसऱ्याला दोरा आणि तिसऱ्याला चहा मिळाला की सगळे पुन्हा कामाला येतात, असे तिचे शास्त्र होते. तिच्या ओळखीचे लोक बागकाम, हस्तकला आणि सहली असे तिचे तीन छंद सांगतात. खरे पाहता छंद एकच होता, त्याला जागा तेवढ्या तीन लागत.

महाराष्ट्रात तळेगावे पुष्कळ आहेत. पुण्याकडे दाभाड्यांचे आणि ढमढेऱ्यांचे, अमरावती जिल्ह्यात दशासर, आणि खुद्द वर्धा जिल्ह्यात टालाटुले नावाचे दुसरे. त्यामुळे या गावाच्या नावापुढे कंसात श्यामजी पंत लिहावे लागते. आत्या पत्त्यात कंस लिहीत नसे. खरे तळेगाव एकच, कंस बाकीच्यांनी लावावेत, असे तिचे म्हणणे होते. महामार्गाला आर्वी-आष्टीकडचे रस्ते इथेच मिळतात. नागपूरहून अमरावतीला किंवा आर्वीहून नागपूरला निघालेल्या नातेवाइकाला तळेगाव टाळता येत नसे आणि तळेगावात आत्या टाळता येत नसे. तिथून न उतरता पुढे जाणे हा कुटुंबात दखलपात्र गुन्हा होता. घाईत असलेले काही जाणते पुरुष बस तळेगावात थांबताच बुटाची नाडी बांधायला खाली वाकत आणि गाव मागे पडेपर्यंत वर येत नसत.

बाग अंगणात सुरू होई, पण ती कुठे संपते याविषयी शेजाऱ्यांत एकमत नव्हते. इथली जमीन कपाशीची काळी. उन्हाळ्यात तिला पाय अडकेल अशा भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते, पाणी धरून बसते आणि नाजूक मुळ्या कुजवते. कपाशीला ती मानवते, कुंडीतल्या मोगऱ्याला नाही. म्हणून आत्याची बाग जमिनीत कमी आणि डब्यांत जास्त होती. डालडाचे डबे, रंगाचे डबे, गळकी बादली, फुटका माठ, पंक्चरवाल्याने टाकून दिलेले ट्रकचे टायर, सगळे तिथे नोकरीला होते. डब्याच्या बुडाला खिळ्याने भोके पाडायची, तळाशी विटांचे तुकडे घालायचे, वर माती, वाळू आणि शेणखत. डालडाच्या डब्यावर ताडाचे चित्र असे, त्यामुळे आत काहीही लावले तरी लांबून ती ताडाची बाग वाटे. डबा गंजून खालून सुटला की रोपाला जमिनीत बढती मिळे.

रोप विकत घेणे या शास्त्रात बसत नव्हते. वरुड आणि शेंदुरजना घाट हा संत्र्याच्या पन्हेऱ्यांचा मुलूख तिथून फार लांब नाही. तिथूनही ती पैसे न देता एक फांदी आणि मालकाच्या घरची इत्थंभूत माहिती घेऊन परत आली होती. मागून आणलेली फांदी जगते आणि न मागता आणलेली लवकर जगते, असा तिचा सिद्धांत होता. उपकरण म्हणजे उजव्या हाताच्या अंगठ्याचे नख. आधी झाडाचे कौतुक, मग मालकिणीच्या सुनेची चौकशी, आणि उत्तर मिळेपर्यंत फांदी ओल्या रुमालात. कोणी हटकलेच तर तिचा प्रश्न तयार असे : “एवढ्यानं झाड काय रडून राह्यलं का?” झाडे ओळखली जात ती मूळ मालकाच्या नावाने. तहसीलदारीणबाईंची जास्वंद, पोस्टमास्तरांची शेवंती, डेपोतली सदाफुली. तहसीलदार बदलून गेले, निवृत्त झाले, त्यांचा पत्ता गावात कोणापाशी उरला नाही, पण जास्वंद त्यांच्या बाईंच्या नावाने फुलत राहिली. त्या काळातल्या तालुक्याच्या नोकरवर्गाची इतकी व्यवस्थित नोंद दुसरीकडे सापडणे कठीण आहे. गुलबक्षी कोणाची हे मात्र सांगितले जात नसे. तिची फुले दुपार कलल्यावर उमलतात, आणि ती उमलल्याशिवाय चहाचे आधण ठेवायचे नाही, हा घरचा नियम होता.

मूळचेच जमिनीत असलेले मातब्बर झाड एकच, संत्र्याचे. संत्र्याच्या आंबिया बहराची फुले जानेवारी–फेब्रुवारीत येतात, मृग बहराची जून–जुलैत. बहर धरावा म्हणून त्याआधी झाडाचे पाणी तोडतात, याला ताण देणे म्हणतात. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण ताणाचे तत्त्व माणसांना लावण्याचे श्रेय आत्याकडे जाते. भाच्यांनी पाढे म्हणावेत म्हणून चिवड्याचा डबा वरच्या फळीवर जाई. आतोबांनी पावसाआधी कौले फेरावीत म्हणून त्यांचा चहा तोडला जाई. आतोबांना बहर आल्याची नोंद नाही. ते स्टँडवरच्या टपरीवर जाऊन परस्पर ओलित करून येत.

हस्तकलेत पहिला मान वाकळीचा. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरायचे, मधे मिळेल ते कापड भरायचे आणि धावदोऱ्याने सगळे शिवत न्यायचे. घरातून शर्ट नाहीसा झाला तर तो शोधण्यात अर्थ नसे, हिवाळ्यात तो पांघरायला मिळे. वाकळ उलटीसुलटी करून पाहिली की आजीच्या लुगड्याचा काठ, कोणाच्या तरी शाळेच्या गणवेशाचा खाकी तुकडा आणि आतोबांचा लग्नातला फेटा एका ओळीत सापडत. वायरच्या पिशव्या, मण्यांचे ससे आणि क्रोशाचे रुमाल यांचे उत्पादन त्या मानाने बेसुमार होते. रेडिओ, माठ, शिलाई मशीन, पुढे टीव्ही, ज्या वस्तूला पृष्ठभाग होता तिच्यावर रुमाल होता. आतोबा एका जागी फार वेळ बसत नसत, त्याचे कारण बहुधा हेच.

जिल्हा कापसाचा, त्यामुळे कच्चा माल घरचा. वाती वळणे हे आत्याचे बोलता बोलता करायचे काम होते, आणि बोलणे पुष्कळ असल्याने लक्षवातींचा संकल्प तिला जड गेला नाही. भाद्रपदात महालक्ष्म्या बसत तेव्हा त्यांची कापसाची माळवस्त्रे आळीभर तिच्याच हातची असत. वर्ध्याचे मगन संग्रहालय १९३८ साली गांधीजींच्या हस्ते सुरू झाले आणि ग्रामोद्योगाच्या वस्तू तिथे आदराने मांडलेल्या असतात. ते पाहून आल्यावर आत्याने दिलेला अभिप्राय असा : “पाहासारखं काय हाये त्याच्यात? हे तं आपल्या घरी रोजचंच हाये.” तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, विदर्भात पोरे लाकडी बैल घेऊन घरोघर फिरतात. या जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा मोठा म्हणून नावाजलेला. आत्याने सजवलेल्या बैलाच्या अंगावर ब्लाऊजपीसची झूल, शिंगांना लोकरीचे गोंडे आणि गळ्यात इतकी घुंगरे असत की पोर दारात पोचण्याआधी घरमालक बोजाऱ्याची चिल्लर शोधू लागे.

आता सहली. निघायची वेळ पहाटे पाचची सांगितली जाई, म्हणजे आठची एसटी मिळे. आर्वीहून पुलगावला जाणारी नॅरोगेज गाडी होती तोवर आत्याची पसंती तिला होती. त्या गाडीतून उतरून फांदी तोडून पुन्हा चढता येते, असे ती सांगे. गाडी बंद पडली, त्यामुळे या विधानाची आता तपासणी करता येत नाही.

सेवाग्रामला गेल्यावर मात्र तिचे नख आवरलेले असे. आश्रमाच्या एकादश व्रतांत अस्तेय आहे, आणि ज्यांनी ते पाळले त्यांच्या अंगणात फांदी मोडणे तिला प्रशस्त वाटत नसे. बकुळीची खाली पडलेली फुले तेवढी ती ओच्यात भरून आणी. पवनारला विनोबांना शेत खणताना भरत-राम भेटीचे शिल्प सापडले, ही हकीकत ऐकून आल्यावर तिने घरी अंगण खणायला घेतले. तिला स्वतःचाच हरवलेला उलथना सापडला. तो घासून पुन्हा वापरात घेतला गेला.

वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचे माहेर. इथून रुक्मिणीची पालखी दरवर्षी पंढरपूरला जाते. आत्याने या तीर्थाचा उपयोग कायद्याच्या पुस्तकासारखा केला. एका भाचीने घरच्यांना न विचारता लग्न केले आणि भावकी महिनोन् महिने फुरंगटून बसली, तेव्हा आत्याने सगळ्यांना एका गाडीत घालून कौंडण्यपूरला नेले आणि देवळाच्या पायरीवर विचारले, “रुक्मिणी गेली तवा कोणी पत्रिका पाह्यली होती काय?” परतीच्या गाडीत भाची आणि जावई दोघेही होते. त्यांना बसायला जागा नव्हती, पण ती तक्रार निराळी.

सर्वांत मोठी सहल कार्तिकातल्या आवळीभोजनाची. ओळखीच्या संत्र्याच्या बगीच्यात, आवळ्याच्या झाडाखाली पंगत. बेत ठरलेला : गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, तूप आणि वांग्याची झणझणीत भाजी, वर मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. आमंत्रणांची यादी आत्या स्वतः करी आणि तीत एकमेकांशी न बोलणाऱ्यांना अग्रक्रम असे. वाटणीवरून अबोला धरलेल्या दोन भावांना ती एकाच आराशी बसवी. एकाने फुंकायचे, दुसऱ्याने रोडगे फिरवायचे. फुंकले नाही तर धूर होतो आणि फिरवले नाही तर करपते, म्हणून बोलणे भाग पडे. सुरुवातीचे शब्द “फुंक ना बे” एवढेच असत. पुढे धुराने दोघांचेही डोळे वाहू लागत, आणि ते नेमके कशाने वाहत आहेत हे कोणी विचारू नये म्हणून आत्या बाकीच्यांना संत्री तोडायला पिटाळी. समेट घडवणाऱ्या इतर संस्थांचा खर्च पाहता ही पद्धत स्वस्त होती. सगळेच भाऊ सुधारले असे नाही. एक जोडी दरवर्षी जेवून, दोन संत्री खिशात टाकून, तशीच न बोलता घरी जाई. आत्या त्यांना पुढच्या वर्षी पुन्हा बोलवी.

आत्याच्या पश्चात वाकळी भाच्यांत वाटल्या गेल्या. वाद झाला तो एकाच वाकळीवरून, आणि तो आवळीखाली मिटला. मोगरा अमरावतीला गेला, तहसीलदारीणबाईंची जास्वंद नागपुरात तिसऱ्या मजल्यावर आहे. संत्र्याचे झाड वठले. अंगणातला गोडलिंब मात्र जागचा हललेला नाही आणि त्याच्या बुडाशी दर पावसाळ्यात ढीगभर रोपे उगवतात. ज्यांना हवी असतील त्यांनी मृग लागल्यावर तळेगावला उतरावे. डबा आपला आणावा, आणि चहा घेतल्याशिवाय पुढची बस धरू नये.