वरच्या मजल्यावरच्या कलावंतास, सा. न. वि. वि.

रा. रा. ड्रमवादक साहेब यांस,

सा. न. वि. वि. पत्रास कारण की, आभार मानायचे राहून गेले. गेले दोन महिने तुम्ही रोज रात्री पावणेअकराला आमच्या बेडरूमच्या बरोब्बर डोक्यावर मैफल मांडता, तिकीट लावत नाही, आणि आम्ही मात्र एकदाही वर येऊन 'वा' म्हणालो नाही. चिकलठाण्याच्या माणसांना हे शोभत नाही.

तुमच्या विनयाला तोड नाही. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तुम्ही हेडफोन लावता. त्यामुळे गिटार, गायक, टाळ्या, शिट्ट्या सगळं तुमच्या कानात. आमच्या वाट्याला प्लॅस्टिकच्या पॅडवरची टपटप आणि पायाखालच्या पेडलची धप. जेवण तुमचं, भांड्यांचा आवाज आमचा.

तरीही आम्ही रसिकच. आज कोणतं गाणं असेल, यावर अंधारात चर्चा होते. सौ.चं मत, रॉक. मला हलगी वाटते. आई परवा विचारत होती, एवढ्या रात्री वर ठेचा कोणासाठी कुटताहेत, पाहुणे आलेत का?

आमच्या अडाणीपणावर शेवटी तुमच्या चिरंजीवांनी उपाय केला. त्यांनी आमच्या मुलाला लिफ्टमध्ये सगळं समजावून सांगितलं. हार्मोनिक्स नावाच्या अमेरिकन कंपनीने 2005 साली 'गिटार हिरो' हा व्हिडिओ गेम बनवला. त्या गिटारला तार एकही नाही, दांडीवर हिरवं, लाल, पिवळं, निळं, नारिंगी अशी पाच बटणं. मग 2007 मध्ये त्याच कंपनीने 'रॉक बँड' काढून ड्रम आणि माइकसुद्धा लोकांच्या हॉलमध्ये आणून ठेवले. पडद्यावर एक रस्ता दिसतो, त्यावरून रंगीत खुणा जालना रोडवरच्या वाहनांसारख्या अंगावर येतात, आणि खूण रेषेवर आली की त्या रंगाच्या पॅडवर हाणायचं. चुकलं तर तुमचं वाद्य तेवढ्यापुरतं मुकं होतं. फार चुकलं तर प्रेक्षक हुर्यो करतात, आणि शेवटी गाणं मध्येच बंद पाडतात.

साहेब, हे ऐकून मी गहिवरलो. किती न्यायी खेळ! पण मुलगा म्हणाला, त्यात नापास न होण्याचीही सोय आहे आणि तुम्ही ती कायम चालू ठेवलेली आहे. म्हणजे तिथल्या खोट्या प्रेक्षकांना तुम्हाला थांबवता येत नाही. खऱ्यांची गोष्टच सोडा.

आणि तुमचं वारसाप्रेम! गिटार हिरो विकणाऱ्या अॅक्टिव्हिजनने फेब्रुवारी 2011 मध्ये तो कारभार गुंडाळला, तिकडे ही वाद्यं माळ्यावर आणि भंगारात गेली. जगाने टाकलेला हा ठेवा सेकंडहँड शोधून, पेडलची स्प्रिंग बदलून, तुम्ही आमच्या छताला लावून जतन केलात. वेरूळ-अजिंठ्याच्या जिल्ह्यात राहण्याचा परिणाम, दुसरं काय.

गेल्या मंगळवारचा कार्यक्रम मात्र अविस्मरणीय. नव्या मोठ्या टीव्हीवर चित्र आणि आवाज यांच्यात काही मिलिसेकंदांचं अंतर पडतं म्हणे. ते जुळवायला एकसारखा ठोका देत बसायचं असतं. तुम्ही पाऊण तास बसलात. टप. टप. टप. नळ गळतोय म्हणून मी दोनदा उठून बाथरूममध्ये जाऊन आलो. आपल्या गावात नळ गळायला आधी पाणी यावं लागतं, हे झोपेत लक्षातच आलं नाही.

विमानतळाजवळ फ्लॅट घेतला तेव्हा नातेवाइकांनी आम्हाला फार घाबरवलं होतं. विमान बिचारं एकदा गरजतं आणि जातं. उतरणं मनासारखं झालं नाही म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत नाही.

माझं म्हणाल तर मी एमआयडीसीत प्रेस शॉपला. पहिली पाळी, कंपनीची बस पहाटे पावणेसहाला. दिवसभर धपधप ऐकून घरी आलं की तुमच्यामुळे कामाची लय तुटत नाही, याबद्दल कंपनीच्या वतीनेही आभार. फरक एवढाच की आमच्या प्रेसखाली स्वतंत्र पाया असतो, हादरे शोषायला रबरी पॅड असतात आणि शेजारी सुपरवायझर उभा असतो. तुमचं पेडल उघड्या फरशीवर. हादरा हवेतून येतच नाही हो, स्लॅबमधून येतो, तो सरळ आमच्या पलंगावर. हेडफोन त्याला काय करणार? आपण परवानगी दिलीत तर जाड रबराचा एक तुकडा, वर आईने शिवलेली गोधडी, आणि हवी तर शाल-श्रीफळ घेऊन येईन. सत्कार समजा.

रहिवासी भागात रात्री दहा ते सहा आवाज 45 डेसिबलच्या आत हवा, असं 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत लिहिलं आहे. पण असलं रुक्ष गद्य मी कलावंतापुढे कशाला काढू? काढलंच नाही असं समजा.

कळावे, लोभ असावा. तो रात्री दहानंतर थोडा कमी असला तरी चालेल.

आपला,
खालच्या मजल्यावरचा श्रोता

ता. क. : पाणी यायची पाळी उद्या की परवा, नक्की नाही, आणि आलं तर रात्री दोनला येईल. तुम्ही जागे असालच. पाणी आलं की कृपया पेडल तीनदा दाबावं, मी खाली जाऊन मोटार सुरू करीन. तीनदाच दाबावं. चौथ्यांदा दाबलंत तर मला वाटेल, गाणं सुरू झालं.