जरा दाबून दाखव ना!

पुण्याला खायला यायचं तर पूर्वी भूक लागायची. आता एक्सेल लागतं.

शनिवारी पहाटे मुंबई सोडायची, घाटातल्या कोंडीला एक तास धरून ठेवायचा. नऊला पेठेत मिसळ, साडेदहाला कॅम्पात बन मस्का, बाराला कोरेगाव पार्कात क्रोसाँ, दीडला नदी ओलांडून डेक्कनला थाळी, तीनला मस्तानी. प्रत्येक ठिकाणापुढे रकाने आहेत: गर्दी किती, पार्किंग आहे का, खिडकीतून उजेड कुठल्या बाजूने येतो. कोथरूडला सख्खी मावशी राहते, तिचं नाव ‘वेळ उरल्यास’च्या खाली. भुकेला रकाना नाही. दर दीड तासाला खाणाऱ्या माणसाला ती लागणार तरी कधी?

यादीतला सगळ्यांत महत्त्वाचा रकाना शेवटचा. त्याचं नाव ‘दाबल्यावर काय होतं’.

हे तुम्ही पाहिलं आहेच. पदार्थ समोर आला की तो खायचा नसतो, आधी दाबायचा असतो. अंगठा खाली, दोन बोटं वर, दुसऱ्या हातात फोन. मग हळूच दाब वाढवायचा. आतलं लोणी कडेला येऊन डोकावलं की सगळी मंडळी एकसुरात ‘ओ माय गॉड’ म्हणतात. अहो, लोणी आत होतंच. समोरच्या माणसाने सुरीने ते तुमच्या डोळ्यांदेखत फासलं. मंडईत कुणी टोमॅटो असा दाबून बघितला तर भाजीवाली मावशी ‘ओ ताई, घ्यायचा तर घ्या, दाबू नका’ म्हणून सगळ्या गाळ्यांना ऐकू जाईल असं सुनावते. बेकरीच्या काउंटरवर अशी एक मावशी नेमायला काय हरकत आहे?

कोरियन बन आला आणि हे फारच बोकाळलं. वरून सहा चिरा, चिरांत गोडसर क्रीम चीज, आणि तो सगळा गोळा लसणाच्या लोण्यात बुचकळलेला. हा बन खाण्यासाठी जन्मालाच आलेला नाही, तो दाबण्यासाठीच आला. परवा कॅम्पातल्या एका काउंटरवर माझ्या शेजारी एक कन्या उभी होती. नखांना पिस्त्याच्या रंगाचं नेलपॉलिश. ते बहुधा पदार्थाशी जुळवूनच लावलेलं. तिने बन दाबला. चीज चिरेतून वर आलं, नखावरून ओघळलं. ‘फोकस गेला,’ फोनवाला म्हणाला. पुन्हा दाबला. आता चीज येईना, कारण ते आधीच बाहेर होतं. मग दुसरा बन मागवला. ‘भैया, जास्त भरलेला द्या हां.’ त्या पोराने निमूटपणे ट्रेमधला सगळ्यांत फुगलेला बन चिमट्याने उचलला. त्याला सवय झालेली दिसली. पहिला बन तिथेच बशीत पडून होता, चेपलेला, कडेला चिजाचं थारोळं. त्याला कुणी विचारलं नाही.

एकदा दाबायची चटक लागली की माणूस काही सोडत नाही. वडापाव दाबतात, खरं म्हणजे तो गाडीवाल्याने आधीच तळहाताने दाबून दिलेला असतो, तरी यांचा वेगळा दाब. साबुदाणावडा दाबून फोडतात आणि आतून साबुदाणा निघाला की थक्क होतात. पुरणपोळीची चौघडी घालून दाबतात, म्हणजे तूप कोपऱ्यातून गळतं. मस्तानीचा ग्लास काचेचा असल्यामुळे दाबता येत नाही. तिथे चमचा खुपसून आइस्क्रीम काठावरून सांडवतात, की तो दाब धरायचा. आणि मिसळीत पाव बुडवून, वर काढून, कॅमेऱ्यासमोर पिळतात. पिळतात! फरशी पुसायचं फडकं पिळावं तसा पाव पिळतात आणि सॅम्पलच्या धारा वाटीत पडताना स्लो मोशनमध्ये दाखवतात. या दृश्याला लाखांनी बदाम मिळतात. मिसळवाल्याच्या आईने हे पाहिलं असतं तर तिने झारा फेकून मारला असता.

जे दाबलं जात नाही ते यादीतून बाद. म्हणून ब्रून पाव नाही. त्याच्या कवचावर अंगठाच दुखेल. टोस्ट नाही, नानकटाई नाही, चहात बुडवायचं ते कडक बटर नाही, बाकरवडी तर नाहीच. खारीचा नुसता चुरा होतो, म्हणून तीही नाही. वास्तविक खारी आणि क्रोसाँ एकाच विद्येवर उभे आहेत: पीठ आणि स्निग्ध पदार्थ यांच्या घड्यांवर घड्या. क्रोसाँच्या पिठात यीस्ट असतं आणि खारीत सहसा नसतं, एवढंच. तीन पदरी घडी तीन वेळा घातली की क्रोसाँत लोण्याचे 27 थर होतात. दर घडीनंतर पीठ थंडाव्याला ठेवावं लागतं, नाहीतर लोणी वितळून पिठात मुरतं आणि थर संपतात. म्हणजे कुणीतरी रात्री हे करत बसलेलं असतं. ते 27 थर सकाळी आपण ‘जरा दाबून दाखव ना’ म्हणत दोन सेकंदांत एक करतो. खारी मात्र अजून पावशेरावर मिळते, क्रोसाँ नगावर. दाबण्याचे पैसे लागतात ते असे.

बरं, दाबून कळतं तरी काय? म्हणे किती ताजा ते कळतं. भट्टीतून नुकताच काढलेला पाव जरा निवू द्यावा लागतो. आतली वाफ निघायची असते, स्टार्च बसायचा असतो. त्याआधी दाबला तर मऊ पावाचा चिकट गोळा होतो, आणि तो गोळा दाखवून ‘किती सॉफ्ट’ म्हणतात. गोव्यात सकाळी सायकलवर भोंगा वाजवत येणाऱ्या पोदेराकडून पोई घेताना कुणी ती अशी पिळून पाहिली आहे का? पाहिली असेल तर तो दुसऱ्या दिवशी त्या दारात थांबला नसेल.

2025 मध्ये मुंबईतल्या लाकडाच्या भट्ट्यांना गॅसवर किंवा विजेवर जाण्याचा हुकूम झाला. धुराची तक्रार खरी होती, भट्टीवाल्यांची खर्चाची रडही खरी होती. रोज लादी पाव खाणाऱ्या शहरात यावर घरोघरी वाद व्हायला हवे होते. या खवय्यांपैकी किती जणांनी त्यावर रील केलं? भट्टी दाबता येत नाही.

माझं डोकं फिरतं ते टेबल उठल्यावर. पाच जणांत सात पदार्थ मागवलेले, सगळे दाबलेले, प्रत्येकाला एक चावा. चावा घेताना डोळे मिटायचे, मान डोलवायची, ‘अनरिअल’ म्हणायचं आणि पुढच्या ठिकाणाची वेळ झाली म्हणून उठायचं. मागे अर्धी मिसळ, पाऊण थाळी, बोटांचे ठसे उमटलेले पाव. पोरगा येऊन ते सगळं एका बादलीत लोटतो. अरे, दाबलंत तर दाबलंत, निदान खा की! पानात टाकलं तर आजी उठू देत नसे, तिचीच नातवंडं ना ही?

आणि त्याच दारात टोकन घेऊन मी उभा असतो. वर्षानुवर्षं तिथे सकाळी मिसळ खाऊन कामाला जाणारा रिक्षावाला उभा असतो, प्रेसमधले कंपोझिटरपासून डीटीपीपर्यंत पोचलेले काका उभे असतात. ‘किती जण?’ ‘एकटाच.’ ‘मग थांबा जरा, मोठा ग्रुप आहे.’ एकट्या माणसाला या शहरात आता टेबल मिळत नाही. एकटा माणूस दहा मिनिटांत खातो, पैसे देतो, उठतो, ताट धुतल्यासारखं स्वच्छ ठेवतो. त्याच्या खाण्याचा कुणाला काही उपयोग नाही! रिक्षावाला दोनदा घड्याळ बघतो आणि समोरच्या टपरीवर चहा-क्रीमरोल खाऊन निघून जातो. आत पाव पिळणं चालू असतं.

या मंडळींचं पुढच्या महिन्यात कोल्हापूर ठरलं आहे. एक्सेल तयार आहे. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यापुढे मात्र शेवटचा रकाना रिकामा राहिला, आणि त्यावरून ग्रुपवर मध्यरात्रीपर्यंत खल झाला. उंचावरून ओतावा असं एकाने सुचवलं, ते जुनं झालं म्हणून फेटाळलं. वाटीच दाबून पाहावी असंही एक मत आलं. शेवटी भाकरी दाबायची असं बहुमताने ठरलंय.