सिनॉप्सिस सिद्ध करण्याची शास्त्रोक्त पद्धत

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला पोहोचलेल्या विद्यार्थ्याने आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रोजेक्ट पुढेमागे होतो, कधी होतही नाही. सिनॉप्सिस मात्र व्हावीच लागते. आपण जे करणार आहोत ते जणू करून झाले आहे अशा थाटात, करण्याआधीच, कर्मणी प्रयोगात लिहून काढणे म्हणजे सिनॉप्सिस. मुकुटबन, झरी, पाटण या पट्ट्यातली मुले त्यासाठी यवतमाळ, पुसद, चंद्रपूर, नागपूर गाठतात. त्यांच्या सोयीसाठी हे मार्गदर्शन.

विषय निवडताना घराच्या ओट्यावरून जे दिसते ते कटाक्षाने टाळावे. मुकुटबनात हे सोपे नाही. गावाजवळ बिर्ला कॉर्पोरेशनचा सिमेंट कारखाना २०२२ साली सुरू झाला. क्षमता वर्षाला ३९ लाख टन. जमिनीत चुनखडी, पलीकडे कोळसा, रस्त्यावर ट्रक आणि अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर धूळ. तरी स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्याने ‘सिमेंटऐवजी अंशतः फ्लाय अ‍ॅश’ हा विषय घेतला, तर प्रस्तावनेची सुरुवात मलेशियातल्या कुठल्याशा शोधनिबंधापासून करावी. कारखान्याच्या गेटवर जाऊन कोणाला काही विचारू नये. विचारले तर उत्तर मिळण्याचा धोका असतो, आणि ते उत्तर संदर्भसूचीत कोणत्या क्रमांकावर घालायचे हे कोणीच सांगत नाही.

या विषयाला आणखी एक अडचण आहे. काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे ठोकळे पाण्यात भिजत ठेवून सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी दाबून फोडावे लागतात. काँक्रीटला सबमिशनची तारीख कळत नाही. म्हणून बहुतेक शहाणे लोक ‘स्मार्ट इरिगेशन’कडे वळतात, आणि आपणही तेच करू.

शीर्षक लांब हवे. ‘मोटार आपोआप चालू-बंद करणे’ असे लिहिणारा नापास होत नाही, पण त्याच्याकडे कोणी बघतही नाही. ‘डिझाइन अँड इम्प्लिमेंटेशन ऑफ आयओटी बेस्ड स्मार्ट इरिगेशन सिस्टिम युजिंग क्लाउड’ असे लिहावे. एका श्वासात वाचून संपले, तर शेवटी ‘फॉर सस्टेनेबल अ‍ॅग्रिकल्चर’ जोडावे. क्लाउड कुठे आहे हे विचारण्याची प्रथा नाही. शेतात नेटवर्क बांधावरच्या बाभळीखाली एक काडी येते, याचाही उल्लेख नको.

आता ‘लिटरेचर सर्व्हे’, म्हणजे आपल्याआधी हे कोणी केले याचा शोध. इथे मन घट्ट करावे लागते, कारण हे आपल्याआधी आपल्या बाबांनी केलेले असते. विहिरीवर पत्र्याच्या पेटीत मोबाइल स्टार्टर बसवलेला असतो. आत सिमकार्ड. घरून फोन लावला की मोटार सुरू, परत लावला की बंद. एखादा फेज गेला की त्याचाच निरोप येतो. शनिवारी घरी आलेल्या मुलाचा आणि बाबांचा संवाद साधारण असा होतो:

“काय बनवून राह्यले तुम्ही?”

“मोबाइलवरून मोटार चालू करायची सिस्टिम, बाबा.”

“मंग आपल्या विहिरीवर काय हाय?”

यावर उत्तर देऊ नये. जेवून घ्यावे. पेटी बाजारात मिळते, दुकानदार येऊन बसवून देतो, पावसाळ्यात तिच्यात पाल शिरते. पण ती शोधनिबंधात छापून आलेली नाही, सबब ती अस्तित्वात नाही. त्याऐवजी दहा शोधनिबंध निवडावेत. प्रत्येकाचा सारांश वाचावा, तोही पहिल्या चार ओळी, आणि ‘या लेखकांनी अमुक प्रणाली प्रस्तावित केली, परंतु खर्च जास्त आहे’ असे दहा वेळा लिहावे. आपली प्रणाली स्वस्त आहे हे आपोआप सिद्ध होते. ज्या यूट्यूब व्हिडिओवरून जोडणी शिकलात, त्याचे नाव चुकूनही घेऊ नये.

‘मेथडॉलॉजी’त ब्लॉक डायग्राम काढावा: मध्ये आर्डुइनो, डावीकडून सेन्सरचे बाण आत, उजवीकडे रिले आणि पंप. प्रत्यक्ष प्रयोग होस्टेलच्या खिडकीत, प्लॅस्टिकच्या डब्यात लावलेल्या तुळशीवर होतो. डब्यातली लाल माती नर्सरीची असते. घरची काळी कसदार माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, आणि दोन दातांचा सेन्सर त्या भेगेत खोचला तर तो माती सोडून हवा मोजतो. ओल्या मातीत कायम ठेवला तर त्याच्या दातांवरचा मुलामा काही आठवड्यांत झिजतो. यातले काही लिहू नये. कोरड्यात आकडा १०२३च्या जवळ जातो, पाणी घातले की उतरतो, एवढा तक्ता पुरे. तापमान आणि दमटपणा मोजायला ‘डीएचटी ११’ घ्यावा. त्याच्या माहितीपत्रकात दमटपणाची मर्यादा २० ते ९० टक्के आहे आणि मे महिन्यातल्या दुपारी आपल्याकडची हवा त्याच्या हिशेबाबाहेर कोरडी असू शकते. पण चाचणी डिसेंबरात असते. पंप पाच व्होल्टचा, माशांच्या टाकीतला. पाच हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटार सुरू होताना चालू मोटारीच्या कितीतरी पट करंट ओढते, आणि तो छोटा निळा रिले तिथे लावला तर प्रात्यक्षिक संस्मरणीय होईल.

एवढा मजकूर झाला की खऱ्या कामाला हात घालावा: मांडणी. अक्षर टाइम्स न्यू रोमन, मजकूर १२, मथळे १४ आणि ठळक, दोन ओळींत दीड पट अंतर, दोन्ही कडा समान. डावा समास दीड इंच, बाकी एक. हे अक्षर लंडनच्या ‘द टाइम्स’ने १९३२ साली आपल्या अरुंद रकान्यांत जास्त मजकूर मावावा म्हणून वापरात आणले. आपला प्रश्न नेमका उलटा आहे: कमी मजकूर जास्त पानांत पसरवायचा. तरी नियम तो नियम. तुमच्या लॅपटॉपवर वर्ड उघडताच वेगळेच अक्षर येते. ते तसेच राहिले तर गाइड सर पहिल्या पानावरच थांबतात. सर्किट चुकले तर ते पुढच्या आठवड्यात पाहतात, समास चुकला तर लगेच.

मांडणीतला अंतिम अधिकार मात्र सरांकडे नसून वणीच्या झेरॉक्सवाल्या दादांकडे असतो. त्यांच्या संगणकात मागच्या सगळ्या बॅचेस वर्षवार लावलेल्या असतात. “कोणती ब्रँच?” एवढे विचारून ते फाइल उघडतात, नाव बदलतात, रोमन आकडे प्रमाणपत्राच्या पानाला आणि साधे आकडे प्रस्तावनेपासून लावतात, मुखपृष्ठाला आकडा देत नाहीत. हे कौशल्य आठ सेमिस्टरमध्ये कोणी शिकवत नाही. फक्त तळटीप तपासून घ्यावी. तिथे तीन वर्षांपूर्वी पास होऊन पुण्याला नोकरीला लागलेल्या कुणाचे नाव राहून गेलेले असते.

साम्य तपासणीची भीती बाळगू नये. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. आकडा त्यावर गेला की ‘वापरले’च्या जागी ‘उपयोजिले’ घालत सुटावे. बहुतेकदा सर्वांत अस्सल निघते ते आभाराचे पान, आणि सिनॉप्सिसमध्ये आभाराचे पान नसते.

गँट चार्ट रंगीत काढावा. त्यात जुलै ते एप्रिल सलग पट्ट्या असाव्यात. पोळा, गणपती, सोयाबीनची सोंगणी आणि दिवाळीनंतरची कापसाची वेचणी यांना पट्टी देऊ नये, जरी गटातल्या चौघांपैकी दोघे त्या दिवसांत वावरातच सापडणार असले तरी. रानडुकरांपायी जागलीला जाणाऱ्यांनी रात्रीचा वेळ ‘डेटा कलेक्शन’ म्हणून दाखवण्यास हरकत नाही.

उरते ‘फ्युचर स्कोप’. जे जमले नाही, सुचले नाही किंवा उशिरा सुचले, ते सगळे इथे. बाबा रात्री बोलता बोलता एक गोष्ट सांगून गेलेले असतात. वाट पाहून पाहून रात्री लाइन येते, आणि प्रत्येकाच्या पंपाला ऑटो स्विच असल्यामुळे सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात. भार सोसत नाही, डीपी जळते, आणि ती बदलून येईपर्यंत हरभरा सुकतो. महावितरण म्हणते ऑटो स्विच काढा. काढला तर थंडीत, अंधारात, बिबट्याच्या भीतीत विहिरीवर कोणी जायचे? “थे मशीन थोडं थोडं थांबून एकेक मोटार उठवते का, थे पाह्य,” असे बाबा म्हणतात.

प्रत्येक स्टार्टरला दहा सेकंदांपासून पाच मिनिटांपर्यंत वेगवेगळा विलंब द्यायचा, बस्स. प्रोग्रॅमच्या दोन ओळी. क्लाउड लागत नाही, नेटवर्क लागत नाही. हे वाक्य ‘फ्युचर स्कोप’मध्ये शेवटून दुसरे ठेवावे, कारण शेवटचे वाक्य कृत्रिम बुद्धिमत्तेचे असावे लागते. सर त्या विलंबाच्या वाक्यासमोर लाल पेनाने ‘विषयाशी संबंध नाही’ असे लिहितील. वाद घालू नये. ते वाक्य काढावे, त्या जागी ड्रोन घालावा, आणि पुन्हा चार प्रती स्पायरल करून आणाव्यात.