पहिलटकर

सनीव्हेल, क्युपर्टिनो, फ्रीमाँट या पट्ट्यात जिथे चार मराठी घरं आहेत, तिथे एक पहिलटकर असतोच. हे त्याचं आडनाव नव्हे. आडनाव देशपांडे असेल, पाटील असेल. पण बाजारात आलेल्या कुठल्याही वस्तूची पहिली आवृत्ती घेणं हा त्याचा कुळाचार असल्यामुळे आम्ही त्याला याच नावाने ओळखतो. दुसऱ्या आवृत्तीत वस्तू सुधारते आणि स्वस्तही होते हे त्याला कळत नाही असं नाही. तो चिप कंपनीत नोकरीला आहे. पहिल्या आवृत्तीला तिथे ‘रेव्ह ए’ म्हणतात आणि तिच्यातले बग शोधण्याचाच त्याला पगार मिळतो. स्वतःच्या कंपनीची रेव्ह ए तो साडूलासुद्धा घेऊ देणार नाही. दुसऱ्याच्या कंपनीची मात्र तो रांगेत उभा राहून घेतो.

2007च्या जूनमध्ये पहिला आयफोन आला तेव्हा त्याने 599 डॉलर मोजले. सप्टेंबरात तोच फोन 399ला झाला. लोक खवळले, तेव्हा स्टीव्ह जॉब्जने जाहीर पत्र लिहून आधीच्या गिऱ्हाइकांना 100 डॉलरची खरेदीची सवलत दिली. दोनशे गेले आणि शंभर आले, हा हिशोब कोणीही करील. पहिलटकरने केला नाही. “बघ, आठवण ठेवली त्यांनी,” असं तो आठवडाभर सांगत होता. सासरहून दिवाळीचं पाकीट आल्यावर जावयाच्या चेहऱ्यावर येतं तसं समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं.

15 जानेवारी 2008 रोजी तो ऑफिसात आजारी पडला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या मॉस्कोनी सेंटरमध्ये बरा झाला. त्या दिवशी जॉब्जने मंचावर ऑफिसातलं साधं पिवळट पाकीट उघडून त्यातून मॅकबुक एअर बाहेर काढला. जाड बाजूला पाऊण इंचाच्या किंचित वर, पातळ कडेला 0.16 इंच, वजन तीन पौंड. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. पहिलटकरने तिथेच मनातल्या मनात पैसे भरले.

किंमत 1,799 डॉलर. त्यात 80 जीबीची, मिनिटाला 4,200 फेरे घेणारी चिमुकली हार्ड डिस्क मिळायची. पण ती सामान्य माणसांसाठी. 64 जीबीची फ्लॅशवाली डिस्क हवी असेल तर 999 डॉलर जास्त, आणि थोडा वेगवान प्रोसेसर घेतला की आकडा 3,098वर जायचा. कमी जागेसाठी जास्त पैसे. पहिलटकरचं बालपण सदाशिव पेठेत गेलेलं असल्यामुळे या व्यवहारात त्याला काहीच वावगं दिसलं नाही.

यंत्रात काय नव्हतं, ते सांगणं सोपं आहे. सीडी-डीव्हीडीचा ड्राइव्ह नव्हता. इथरनेटचं भोक नव्हतं. यूएसबीचं होतं, पण एकच. बॅटरी आपली आपल्याला बदलता येत नव्हती आणि 2 जीबी मेमरी बोर्डालाच डाख दिलेली, म्हणजे पुढे वाढवायची सोय नाही. डीव्हीडी लागलीच तर घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरचा ड्राइव्ह वायफायवरून उसना घ्यायचा, अशी कंपनीची योजना होती. वहिनींनी पुण्याहून आणलेली नाटकाची डीव्हीडी त्या योजनेत बसेना, कारण उसन्या ड्राइव्हवर सिनेमाच्या डीव्हीडी चालत नसत. मग 99 डॉलरचा वेगळा ड्राइव्ह आला. तो एकुलत्या एका भोकात बसला आणि माऊस बाहेर आला. दुसऱ्या अंकात आवाज वाढवायला वहिनी माऊस शोधत होत्या, तेव्हा पहिलटकर शांतपणे म्हणाला, “डीव्हीडी संपली गं. चार-पाच वर्षांत कुणाकडे दिसणार नाही.”

“तोपर्यंत नाटक कशावर बघू?” या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

खरी परीक्षा गणपतीच्या बैठकीत झाली. मंडळाच्या गेल्या वर्षीच्या लेझमीचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवायचा होता. पहिलटकरने लॅपटॉप पिवळ्या पाकिटातूनच बाहेर काढला. (तो सगळीकडे पाकिटातूनच काढायचा, विमानतळावरच्या तपासणीतसुद्धा.) प्रोजेक्टरला जोडायचं अडॅप्टर घरी राहिलं होतं, ते आणायला कोणीतरी गाडी काढली. मग व्हिडिओ सुरू झाला. इतक्या पातळ पेटीत उष्णता जायची कुठे? फार तापलं की हे यंत्र प्रोसेसरच्या दोन कोअरपैकी एक निजवून टाकतं आणि चित्र अडखळतं, ही तक्रार तेव्हा जगभर होती. पडद्यावरची लेझीम हळूहळू मंदावत गेली. मुली एक पाय वर उचलून तशाच उभ्या. खजिनदार चष्मा पुसून म्हणाले, “छान आहे. पण भरतनाट्यम कोणी बसवलं?”

पहिलटकर हसला नाही. “एवढा पातळ असूनसुद्धा चालतोय, हे बघा ना काका!”

हे ‘असूनसुद्धा’ हे त्याचं मुख्य शस्त्र. न्यूजवीकच्या स्टीव्हन लेव्हीचा किस्साच घ्या. परीक्षणासाठी मिळालेला एअर या पत्रकाराच्या घरातून नाहीसा झाला आणि बहुधा वर्तमानपत्रांच्या रद्दीबरोबर गेला असावा, असं त्यानेच लिहिलं. हजारो डॉलरचं यंत्र रद्दीत जाणं ही कुठल्याही कंपनीची बदनामीच. पहिलटकरने त्या लेखाच्या प्रती काढून वाटल्या. “बघा, रद्दीत ओळखू आला नाही. याला म्हणतात पातळ!”

बिजागरी सैल होणं, तडकणं हेही त्या मॉडेलचं दुखणं होतं. पण ऑक्टोबर 2008मध्ये, म्हणजे बरोबर नऊ महिन्यांनी, नवी आवृत्ती आली. आतली ग्राफिक्स चिप सुधारली आणि प्रोजेक्टरचं भोकही बदललं. म्हणजे त्या दिवशी गाडी काढून आणलेलं अडॅप्टर आता नव्या यंत्राला चालणार नव्हतं. पहिलटकरला वाईट वाटलं असेल, पण तो बोलला नाही.

निदान आमच्यापाशी बोलला नाही. कंपनीच्या दुकानात दुरुस्ती करणाऱ्या पोरापुढे तो तासभर बोलत असे, तेही खालच्या आवाजात, तापमानाच्या नोंदी आणि तारखांसकट. यातच सगळं आलं. जगापुढे नुसती स्तुती आणि कंपनीच्या कानात दोषांची नेमकी यादी. पगारी नोकर याच्या नेमकं उलट करतात. पहिल्या फेरीतलं फसलेलं यंत्र एखाद्या कंपनीला का भोवत नाही, याचं उत्तर मला त्या तासाभरात सापडतं. ज्याने 3,098 डॉलर मोजले, तो यंत्र वाईट आहे असं म्हणू शकत नाही. म्हटलं, तर दोघांपैकी मूर्ख कोण याचा निकाल घरातच लागतो.

पहिलटकर पदरी नसले की काय होतं, तेही पाहायला मिळालं. मित्सुबिशीने 1998मध्ये अवघ्या 18 मिलिमीटर जाडीचा पेडिऑन काढला होता. आज ते नाव सांगितलं तर लोकांना औषध वाटतं. डेलने 2009मध्ये 1,999 डॉलरचा अडामो आणला, एअरहूनही पातळ. 2011पर्यंत तो गेलाही. डेलचं गिऱ्हाईक म्हणजे ऑफिसचा खरेदी विभाग. खरेदी विभाग कोणाच्या प्रेमात पडत नाही, आणि पडलाच तर त्याला तीन कोटेशनं लागतात.

पहिलटकरचा सर्वांत असह्य गुण असा, की शेवटी त्याचं खरं ठरतं. ऑक्टोबर 2010मध्ये एअर 999 डॉलरपासून मिळू लागला, फ्लॅश डिस्क सगळ्यांनाच आणि यूएसबीची भोकं दोन. लोकांनी भराभर उचलला. पुढच्याच वर्षी इंटेल इतर कंपन्यांना घेऊन तसेच पातळ लॅपटॉप बनवायला निघाली. खजिनदारांनीही एअर घेतला. “आता जमलंय हं यांना,” असं म्हणाले. त्या वेळी पहिलटकरच्या चेहऱ्यावर सरणावर चढलेल्या हुतात्म्याचं तेज होतं आणि मला, खरं सांगायचं तर, त्याला चिमटा काढावासा वाटला.

2015मध्ये मात्र त्याची पंचाईत झाली. बारा इंची मॅकबुक आला. पंखा नाही, यूएसबीचं भोक एकच आणि आणखी पातळ व्हावं म्हणून नव्या ‘बटरफ्लाय’ पद्धतीच्या बटणांचा कीबोर्ड. त्यात धुळीचा कण गेला की बटण रुसायचं. रेव्ह ए आहे, पुढच्या वेळी सुधारेल, असं पहिलटकर म्हणाला. पण कंपनी तोच कीबोर्ड दुरुस्त्या करत करत एकेका मॉडेलला लावत गेली आणि 2018मध्ये फुकट दुरुस्तीची योजना काढूनही तो थांबायला 2019-20 उजाडलं. रेव्ह बी झाली, रेव्ह सी झाली. बटण अडकतच राहिलं, आणि आता ते खजिनदारांचंही अडकू लागलं. त्यांनी या यंत्रासाठी हौसेने नव्हे, निमूटपणे पैसे मोजले होते. त्यामुळे बोलायला ते पूर्ण मोकळे होते, आणि मंडळाच्या बैठकीत बोलले. पहिलटकर त्या बैठकीत नोंदवहीत कागदावर पेनने लिहीत बसला होता.

2022मध्ये अमेरिकेतल्या सामूहिक दाव्यात कंपनीने पाच कोटी डॉलरची तडजोड केली. कॅलिफोर्नियासह सात राज्यांतल्या गिऱ्हाइकांना भरपाई ठरली, ज्यांचा कीबोर्ड दोन वा अधिक वेळा बदलावा लागला त्यांना 395 डॉलरपर्यंत. वहिनींनी ही बातमी त्याला मोठ्याने वाचून दाखवली.

“तुझा दोनदा बदललाय ना? मग मिळतील.”

“नको गं,” पहिलटकर आवाज खाली आणून म्हणाला, “कंपनीला काय वाटेल?”