रुसायला जागा

आमच्याकडे बायकांमध्ये आजाराला मोठा मान आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण लुटून झालं, की जिचे गुडघे गेलेत तिला खुर्ची मिळते, शुगरवाली पलंगावर टेकते, थायरॉइडवालीला भिंतीला पाठ लावायची जागा, आणि जिला काहीच झालेलं नाही ती आत जाऊन चहाचे कप विसळते. मी कैक वर्षं कप विसळले.

जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात गेली, पोतंभर खडू नाकातोंडात गेला, पण तब्येत अशी कृतघ्न, की एक साधी व्याधी पदरात टाकली नाही. ‘बाईंचं बरंय, बाईंना काही होत नाही,’ असं कुणी म्हटलं की मला टोचायचं. त्यात कौतुक कमी आणि ‘बाईंनी अंग मोडून काम केलंय कधी?’ हा भाव जास्त. निवृत्त झाल्यावर तर शाळेचा धाकही संपला. आता समाजात वजन राहायचं तर निदान एक गोळी रोजची हवी होती.

मागं गावात तपासणीचं शिबिर भरलं. मी इस्त्रीची साडी नेसून गेले. सिस्टरनं दंडाला पट्टा गुंडाळला, फुसफुस हवा भरली, आकडा बघितला आणि म्हणाली, ‘138 आणि 86. काठावर आहे, आजी. मीठ कमी करा, रोज चाला.’ एका दमात दोन अपमान. ‘आजी’ एक वेळ सोडून देऊ. पण ज्या बाईनं पिढ्यान् पिढ्या मुलांना काठावर पास केलं, तिला कुणी काठावर म्हणावं? वरचा आकडा 140 झाला असता तर बीपीच्या यादीत नाव लागलं असतं म्हणे. म्हणजे दोन गुणांनी हुकलं, आणि ग्रेस मार्क मागायची सोय नाही. ‘परत मोजा की, मी आत्ताच बसलेय,’ असं म्हणून बघितलं. सिस्टरनं ‘पुढं’ म्हणून हाक मारली.

पुढं म्हणजे आक्का. तिचं 164 निघालं. सिस्टर खुर्चीतून उठली. डॉक्टर आले. आक्काला खाटेवर निजवलं, पाणी दिलं, कुणीतरी पदरानं वारा घातला. मी आपली ‘काठावर’ असा शेरा मारलेला कागद घेऊन दाराशी उभी. आक्कानं निजल्या निजल्या माझ्याकडं बघून जे स्मित केलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आक्का माझी मैत्रीण. वयानं माझ्याहून मोठी, शाळेत चौथीपर्यंत गेलेली. मला ‘तुम्ही बाई’ म्हणते आणि ‘तुम्ही’ न सोडता काय वाटेल ते बोलते. शिबिरानंतर आम्ही सकाळी डिंभे धरणाच्या रस्त्यानं चालायला लागलो. मुलानं मला पुण्याहून पांढरे बूट पाठवले, त्यांच्या तळव्यात हवा भरलेली आहे. आक्का रबरी चपला घालते, लुगड्याचा ओचा खोचते आणि वळणापलीकडं दिसेनाशी होते. हवेवर चालणारी मी मागून धापा टाकत.

श्रावणात हा रस्ता भीमाशंकरला निघालेल्या गाड्यांचा होतो. एखादी काच खाली होते, ‘मावशी, डॅमचा व्ह्यू कुठून मस्त दिसतो?’ अशा वेळी माझ्यातली शिक्षिका जागी होते. हा हुतात्मा बाबू गेनू सागर, घोड नदीवरचं धरण, कुकडी प्रकल्पातलं, साठा साडेतेरा टीएमसी. बाबू गेनू आपल्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे, 12 डिसेंबर 1930 ला मुंबईत विदेशी कापडाच्या ट्रकपुढं आडवे झाले आणि... तोवर काच वर गेलेली असते. आक्का बोट दाखवून एवढंच म्हणते, ‘म्होरं भजी मिळत्यात.’ पुन्हा काच खाली येते आणि आक्काला ‘थँक्यू’ मिळतं.

आता हिरडा. विषय निघालेला नाही, मीच काढतेय, पण डिंभ्यात राहून हिरड्यावर न लिहिणं मला जमणार नाही. आक्काकडं सगळ्या रोगांवर एकच औषध आहे. पोट गच्च झालं, हिरडा. खोकला, हिरडा. तोंड आलं, हिरडा. सुनेनं उलट उत्तर दिलं, तरी हिरडाच. फक्त तो सुनेला द्यायचा की स्वतः चघळायचा एवढाच प्रश्न. आहुप्यापासून तळेघरापर्यंत आमच्या डोंगरपट्ट्यात हिरडा हे औषध कमी आणि चलन जास्त. फळं कोवळी असतानाच उतरवायची, अंगणात नाहीतर पत्र्यावर पसरायची, रोज हात फिरवायचा. हिरवं फळ उन्हानं काळं, सुरकुतलेलं होतं. हा बाळहिरडा. तो पोत्यात भरून व्यापाऱ्याकडं जातो, तिथून औषधांच्या कारखान्यात. पोरांच्या वह्या, भाताचं बी, लेकीचा बस्ता यातून निघतो. झाडावर राहून पिकलेला मोठा हिरडा कातडी कमवायला आणि रंगाला वापरतात. म्हणजे लहानपणी लोकांची पोटं साफ करायची आणि मोठेपणी कातडं टणक करायचं. आमच्या शिक्षकी पेशात हे बरोबर उलट्या क्रमानं होतं.

जून 2020 मध्ये निसर्ग वादळानं हिरड्याची धूळधाण केली. भात आडवा झाला तर कुणालाही दिसतो. रानातल्या झाडाचं नुकसान हेही कुणाच्या तरी चुलीचंच नुकसान असतं, हे पटवून द्यायला लोकांना वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली. आक्का मोर्चाला गेली होती. घोषणा देऊन घसा बसला. त्यावर तिनं काय घेतलं, हे सांगायला नको.

चव म्हणाल तर हिरडा तोंडात टाकला की जीभ गोळा होते, गाल आत ओढले जातात आणि बराच वेळ माणसाला बोलता येत नाही. आक्काच्या मते हाच त्याचा मुख्य गुण, म्हणून चालायला निघताना ती मला आठवणीनं देते. एकदा मी ऐटीत तिला सांगितलं, की आयुर्वेदानं हिरड्याला आईच्या जागी मानलंय. घरात आई नसेल त्याची ती आई. आक्कानं जरा विचार केला. म्हणाली, ‘बराबर हाय. आई तुरटच असती.’

तर आईचा विषय निघाला (हा मात्र आपणहून निघाला), म्हणून माहेराचं सांगते. जुलैत आमच्याकडं पाऊस धरतो तो आठवडेच्या आठवडे सोडत नाही. कपडे वाळत नाहीत, पापड सादळतात, भिंती घाम सोडतात आणि मला काहीतरी होतं. काय ते सांगता येत नाही. दुखत कुठंच नसतं, पण कांदा हातात घ्यायच्या आधीच डोळ्यांना पाणी. आमच्या ह्यांना सांगावं तर ते पेपरातून मान वर न करता म्हणतात, ‘डिंभे किती टक्के झालं बघितलंस का?’ धरणात साठा किती, आवक किती, किती क्युसेकनं सोडलं, हे रोजच्या रोज अख्ख्या जिल्ह्याला माहीत असतं. बायकोत किती साठलंय याची नोंद ठेवणारं खातं सरकारनं अजून काढलेलं नाही. दरवाजे एकदम उघडतात तेव्हाच गावाला कळतं.

पूर्वीच्या बायका अशा वेळी रुसून माहेरी जायच्या. माझं माहेर मंचरकडं, एसटीत बसलं की गेलंच. पण आई-वडील गेल्यापासून वहिनी दारातच विचारते, ‘या ना ताई, किती दिवस आहात?’ प्रेमानंच विचारते बिचारी, तिला गाद्या काढायच्या असतात. पण मुदत सांगून कुणाला रुसता येतं का?

आणि आक्काचं माहेर आंबेगावात. तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते जुनं आंबेगाव धरणाच्या पाण्यात, तालुक्याची कचेरी घोडेगावला, बाजार मंचरला. आक्का हळदीकुंकवात हमखास सांगते, ‘नवऱ्यावर चिडून माहेरी निघाले, तर पवत जावं लागंल. न् मला कुठं पवता येतंय? म्हून तर नांदले!’ बायका खो खो हसतात. मीही हसत आले.

एका वैशाखात पाणी खूप खाली गेलं, तेव्हा ती मला घेऊन गेली. वाळलेला गाळ भेगाळून पायाखाली कुरकुरत होता. मधेच दगडी जोती, देवळांचे अवशेष. आक्का झपाझप चालली आणि एका ठिकाणी डावीकडं वळली. वळावं असं तिथं काहीच नव्हतं, सगळा सपाट गाळ. जरा पुढं जाऊन पुन्हा उजवीकडं. मग एका जोत्यापाशी थांबून तिनं चपला काढल्या. पाणी उतरलं की लोक गाळावर पेरतात. त्या जोत्याच्या आत कुणीतरी काकडीचे वेल सोडले होते. मला वाटलं, आता ही रडणार. धीराची दोन वाक्यं मी तयार ठेवली, आमच्या पेशात ती खिशातच असतात. तर आक्का कडाडली, ‘कुणी रं आमच्या चुलीत काकडी लावली?’ पलीकडून एक बाप्या धावत आला, तो तिच्याच भावकीतला निघाला. पाटीभर काकड्या घेऊन आम्ही परतलो. सबंध वाटेत ती एक शब्द बोलली नाही. तोंडात हिरडा नव्हता.

कुकडीच्या पाण्यावरून खाली पार करमाळ्यापर्यंत हिशेब चालतात. आवर्तन कधी सुटणार, बोगदा हवा की नको, यावर सभा गाजतात. पाणी मिळो, पिकं येवोत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण घराचा मोबदला ठरतो, जमिनीचा ठरतो. लेकीनं तावातावानं पिशवी भरून ज्या दारात जायचं, त्या दाराचा मोबदला कोणत्या रकान्यात धरला? मी जन्मभर हजेरीपटाचे आणि खिचडीच्या तांदळाचे रकाने भरले, म्हणून विचारते.

त्या वैशाखापासून आमचं न बोलता ठरून गेलं. आक्काचं घरी वाजलं की ती माझ्या ओट्यावर येऊन बसते, आणि माझं बिनसलं की मी तिच्याकडं. ‘काय झालं’ असं विचारायचं नाही. ‘किती दिवस’ हे तर नाहीच. ती पुढ्यात इंद्रायणी तांदळाचं सूप ठेवते. तास-दोन तासांत तांदूळ निवडून होतो आणि राग कोणत्या खड्याबरोबर गेला ते समजत नाही. तांदूळ निवडायचा साठला की तीच मला चिडवते, असा मला दाट संशय आहे.

अडचण परवा झाली. बचत गटाच्या बैठकीत मी पाठीला उशी घेऊन ‘आमचं बीपी’ या विषयावर बोलत होते. आक्का सगळ्यांदेखत म्हणाली, ‘बाईंला काय बीपी-बिपी नाय. काठावर हाय नुसती.’ मी तडक उठले, चपला घातल्या आणि कोपऱ्यावर येऊन थांबले. रुसल्यावर आक्काकडं जायचं. पण रुसले होते आक्कावरच. बराच वेळ येणाऱ्याजाणाऱ्या एसट्या बघितल्या आणि शेवटी घरी आले, तर ओट्यावर आक्का! ती माझ्यावर रुसली होती, मी न सांगता उठून गेले म्हणून. ‘बाईंला येवढं लागायचं काय कारन, गुरुजी?’ हे मान हलवत होते. मी तिच्या शेजारी टेकले आणि आक्का कशी तोंडाळ आहे ते ह्यांना सांगायला लागले. ह्यांनी त्यावरही तितकीच मान हलवली.

शेवटी हे उठले, चहा करून आणला आणि म्हणाले, ‘तुमचं दोघींचं बरं आहे. मी रुसलो तर कुठं जायचं?’

आक्कानं बशीतला चहा संपवला, सोबत आणलेली पिशवी उघडली आणि सुपात तांदूळ ओतून ह्यांच्यापुढं सारला.

‘हितंच बसा, गुरुजी. खडे नीट बघा.’