न चाखलेल्या चवीचा जाणकार

बियरला चार गोष्टी लागतात: मोड आणून भाजलेले जव, हॉप्स नावाच्या वेलीची फुलं, पाणी आणि यीस्ट. आष्टी तालुक्यातल्या कडा गावी पहिल्या दोन मिळत नाहीत, तिसरीचा भरवसा नाही आणि चौथी फक्त बेकरीवाल्याकडे असते. तरीही दिवाळीच्या सुट्टीत किंवा लग्नसराईत कड्याच्या बसस्टँडवर उभं राहिलं, तर स्कॉटलंडच्या पिंपातल्या एल नावाच्या बियरवर अधिकारवाणीने बोलणारा एक तरी इसम भेटतोच. वय तिशी-चाळिशीच्या मधलं. शाळा कड्यातच, पुढचं शिक्षण नगरला किंवा पुण्याला, नोकरी हिंजवडीत नाही तर खराडीत. कंपनीने सहा आठवडे परदेशी धाडलं असेल तर तो सहा महिन्यांच्या गोष्टी सांगतो, आणि धाडलंच नसेल तर मित्राच्या सांगतो. गाव त्याला जाणकार म्हणतं. म्हणताना ओठ जरा वाकडे होतात, पण म्हणतं.

जाणकार साधा चहासुद्धा सरळ पीत नाही. आधी ग्लास उजेडात धरतो, मग नाकाशी नेतो, मग घोट तोंडात घोळवतो. टपरीवाला धास्तावतो, दूध नासलं की काय. मग विषय निघतो. निघतो म्हणजे तोच काढतो. स्कॉटिश एल ही मॉल्टची बियर आहे, हॉप्सची नव्हे, हे पहिलं सूत्र. आधी बिस्किट लागतं, मग टॉफी, आणि शेवटी जिभेच्या मागच्या अंगाला भाजल्या धान्याचा जरासा कडूपणा. ‘बिस्किट बुडवून पित्यात व्हय?’ असं कुणीतरी विचारतंच. खरं तर मॉल्ट समजावायला त्याला घराबाहेर पडायची गरज नाही. धान्य भिजवायचं, मोड काढायचे, वाळवून भाजायचं. बाळाला भरवायचं नाचणीचं सत्त्व याच वाटेने तयार होतं. मोड येताना दाण्यातला पिठूळ भाग साखरेत उतरायला तयार होतो, आणि नंतर तो किती भाजला यावर बिस्किट लागणार की टॉफी हे ठरतं. पण एवढं सोपं सांगितलं तर जाणकारीला बाळाच्या खाऊचा वास लागेल, म्हणून तो ते सांगत नाही.

श्रोत्यांचे प्रश्न मात्र कामाचे असतात. चढती का? उत्तर: चार, फार तर साडेचार टक्के. ज्या मुलखात बियरच्या बाटलीवरचा ‘स्ट्राँग’ हा एकच शब्द वाचला जातो आणि तो आठ टक्क्यांपर्यंतची हमी देतो, तिथे या उत्तरावर काही क्षण कुणी बोलत नाही. गार असती ना? उत्तर: बारा-तेरा अंश, तळघरातल्या हवेइतकी. फेस येतो का? उत्तर: वरून वायू भरत नाहीत, पिंपातल्या यीस्टने दुसऱ्यांदा आंबवताना जेवढा निर्माण केला तेवढाच. म्हणजे न चढणारी, न गारठवलेली आणि गॅस गेलेली बियर. कड्याने तीन प्रश्नांत केलेलं हे ब्रिटिश कास्क एलचं, म्हणजे पिंपातल्या एलचं, वर्णन एकाही अंगाने चूक नाही. जाणकार तरीही हलत नाही.

हा नुसता शायनर आहे, पुण्याचं पाणी लागलंय, असा गावाचा निकाल असतो. तो मला पटत नाही. माझं म्हणणं असं, की जाणकारी मुबलकतेतून उगवत नाही, टंचाईतून उगवते. आणि टंचाईच्या बाबतीत आष्टी तालुक्याचा हात धरणारं कुणी नसल्यामुळे तिथला जाणकार ही पुण्याची उसनवारी नसून अस्सल स्थानिक उत्पादन आहे. पुरावा रेल्वेचा घ्या. नगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला आणि त्यातला आष्टीपर्यंतचा ६६ किलोमीटरचा तुकडा २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाला. मधली सत्तावीस वर्षं कड्याच्या टपऱ्यांवर रेल्वेचे तज्ज्ञ नांदत होते. कोणत्या अर्थसंकल्पात किती कोटी, राज्याचा निम्मा वाटा कुठे अडला, भूसंपादन कुठल्या शिवारात रखडलं, हे सगळं तोंडपाठ. गाडी आली, कड्याला स्टेशन झालं, आणि तज्ज्ञ एकेक करून पांगले. नव्या गाडीचे डबे रिकामे धावतात अशा बातम्या तेव्हा छापून आल्या. बोलायला रेल्वे पुरत होती. नगरला जायला एसटी होतीच.

पाण्याचंही तेच. बारमाही कालव्याच्या काठचा माणूस पाणी पाळीच्या दिवसांत मोजतो. ते टीएमसीत मोजतो तो, ज्याच्या शिवारात ते आलेलं नाही. कृष्णा खोऱ्यातलं मराठवाड्याच्या हक्काचं २१ टीएमसी पाणी हा आकडा आष्टीत पोरासोरांना ठाऊक असतो. आणि हुरड्याचं तर काय सांगावं. शिवारभर ज्वारी डोलत होती तेव्हा हुरडा बांधावर बसून खाल्ला जाई आणि हात झटकून माणसं कामाला लागत. ज्वारीखालचं रान आकसत गेलं, हुरडा तिकीट लावून कृषी पर्यटन केंद्रात गेला, आणि त्यानंतर गूळभेंडी गोड की सुरती यावर वाद घालणारे निपजले. कड्याला जाणकारीची परंपरा आहे ती अशी. एल हा फक्त तिचा ताजा विषय.

आता स्कॉटलंडकडे पाहा, कारण तिथेही नियम मोडत नाही. एडिंबराच्या गल्ल्यांवर एके काळी मॉल्ट शिजल्याचा वास पसरलेला असे. त्या काळी दारूगुत्त्यात शिरलेला कामकरी ‘एक हेवी’ एवढंच म्हणे. टॉफीचं नाव त्याने काढलं नसावं. त्याला तहान लागलेली असे, आणि तहानलेल्या माणसाला विशेषणं सुचत नाहीत. पुढे मोठ्या कंपन्यांनी छोट्या भट्ट्या गिळल्या, गाळून, मारून, वायू भरून बंद केलेली केग बियर आणली, आणि जिवंत यीस्टची पिंपं हटू लागली. मग १९७१ साली ‘कॅम्रा’ ही खऱ्या एलच्या बचावाची चळवळ निघाली. ती काढली चार इंग्रज तरुणांनी, आणि तीही इंग्लंडात नव्हे, आयर्लंडच्या पश्चिम टोकाला केरी परगण्यातल्या एका पबमध्ये बसून. घरच्या एलपासून समुद्र ओलांडून दूर गेल्यावर त्यांना तिची थोरवी उमगली. कड्याच्या बसस्टँडची आणि त्या पबची जातकुळी एकच.

त्याच १९७१च्या फेब्रुवारीत ब्रिटनने दशमान नाणी आणून शिलिंग निकालात काढला. स्कॉटिश एलची जुनी प्रतवारी शिलिंगात होती: साठ, सत्तर, ऐंशी, नव्वद. एकोणिसाव्या शतकात पिंपाच्या घाऊक किमतीवरून ही नावं पडली. जितके शिलिंग जास्त तितकी एल कडक. आणि शिलिंग खिशातून गेल्यानंतरच्या त्या दशकात सत्तर-ऐंशीचे ते आकडे पबच्या नळांवर नव्या दिमाखात झळकू लागले. आपला जाणकार ‘ऐंशी शिलिंग’ असं म्हणतो तेव्हा कडेकर मनातल्या मनात रुपये करतात आणि स्वस्त आहे म्हणतात. ट्रॅक्वेअर हाउस या जुन्या वाड्याची कथाही अशीच. अठराव्या शतकातली भट्टी वाड्यात अडगळीखाली पडून होती. १९६५ साली मालकांनी ती पुन्हा पेटवली आणि आता तिथली एल जगभरचे रसिक नावाजतात. भट्टी बंद राहिली नसती तर नावाजण्यासारखं काय होतं?

यावर पहिला आक्षेप असा येतो, की टंचाई आता कुठे उरली आहे? पुण्यात २००९ साली डूलाली ही बियरभट्टी सुरू झाली, पाठोपाठ आणखी भट्ट्या आल्या, आणि कड्याहून पुणे म्हणजे सकाळी निघून दुपारी पोचायचा रस्ता. बरोबर. पण तिथे येतं ते बहुधा गारठवलेलं आणि वायूच्या दाबावर नळातून उतरतं. हातपंपाने ओढलेली पिंपातली एल पुण्यातही विरळाच. शिवाय जाणकाराचं वागणं नीट पाहा. वाळूजला बियरचे मोठमोठे कारखाने आहेत. मराठवाड्याच्या मातीत, मराठवाड्याच्या पाण्याने बियर बनते. २०१६च्या दुष्काळात औरंगाबाद खंडपीठाने त्या उद्योगांचं पाणी आधी पन्नास आणि मग साठ टक्क्यांनी कापायला लावलं, इतका तिचा आणि आपल्या हंड्याचा संबंध जवळचा. या बियरबद्दल जाणकार कधी अवाक्षर काढतो का? एडिंबराच्या पोटातलं क्षारयुक्त पाणी एलला कसा कणखरपणा देतं हे तो टँकरच्या रांगेशेजारी उभा राहून सांगेल. वाळूजची बाटली कोपऱ्यावर मिळते, आणि तेवढ्यानेच ती चर्चेतून बाद होते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: ज्याने चाखलंच नाही, किंवा एकदाच चाखलं, तो चवीबद्दल बोलतो म्हणजे ढोंगी. शिवाय त्याची माहितीही कच्ची. स्कॉटलंडात थंडीमुळे हॉप्स होत नाहीत म्हणून ते कमीच घालत, हे त्याचं आवडतं वाक्य. वाक्याचा पूर्वार्ध ठीक आहे, उत्तरार्ध नाही. एडिंबराचे भट्टीवाले हॉप्स बाहेरून मागवत आणि एकोणिसाव्या शतकात हॉप्सची कडू पेल एल जहाजं भरभरून थेट हिंदुस्थानात धाडत. एलमध्ये पीटचा, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीचा, धूर लागतो, हे त्याचं दुसरं वाक्य. तो धूर व्हिस्कीचा, एलच्या नावावर चुकून चढलेला. सगळं मान्य. पण मग बोर्दोच्या वाइनशास्त्राच्या त्या ५४ विद्यार्थ्यांचं काय करायचं? २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांना पांढरी वाइन बिनवासाच्या रंगाने तांबडी करून दिली, आणि त्यांनी तिचं वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केलं. घोट तोंडाशी होता, तरी निकाल डोळ्यांनी आणि शब्दांनी दिला. बोर्दोत अभ्यास करून जे होतं ते कड्यात बिनखर्चात होत असेल, तर ढोंगाचा शिक्का एकट्या आपल्या माणसावर का? उलट त्याची शिस्त वाखाणावी. श्रोत्यांची पारख तर त्याला पक्कीच आहे: पिंपातली एल नितळ व्हावी म्हणून परंपरेने माशाच्या फुग्यापासून केलेला इसिंग्लास तीत घालतात, ही माहिती तो श्रावणात कधीच देत नाही.

तिसऱ्या आक्षेपावर मात्र विनोदाने वेळ मारून नेता येत नाही. दारूने मोडलेले संसार या भागात घरटी मोजता येतात, आणि तिथे टॉफी-बिस्किटाची भाषा म्हणजे विषाला वर्ख लावणं, असं कुणी म्हटलं तर ते उगाच नाही. मला यात एवढंच दिसतं, की ज्याला चढवायची असते त्याला विशेषणं लागत नाहीत. संसार मोडते ती बाटली गुपचूप, भरभर आणि वर्णनाविना रिकामी होते. जाणकाराच्या हातात अर्धा तास असतो तो चहाचा ग्लास. पण ही बाजू मांडून गावातल्या बायकांचं मत वळेल असं समजू नये. दारूचं दुकान बंद करण्यासाठी मतदान होतं तेव्हा मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोनच चित्रं असतात. पिंपाचं तिसरं चित्र नसतं आणि ‘मॉल्टी’ असा रकानाही नसतो. त्यांनी सगळ्याच बाटल्या सरसकट आडव्या केल्या तर जाणकाराची बाजू घ्यायला मी जाणार नाही. खुद्द जाणकारही जाणार नाही. त्या रांगेत त्याची आई उभी असते.

समजा, एखाद्या हौशी माणसाने खरंच एक पिंप कड्यात आणलं. नगर–बीड रस्त्याच्या हादऱ्यांनी तळाचं यीस्ट ढवळून निघेल, म्हणून ते दिवस-दोन दिवस न हलवता ठेवावं लागेल. एकदा भोक पाडलं की आत हवा शिरते. पुढच्या तीनेक दिवसांत ते संपवायचं, नाहीतर आंबटायला लागतं. पहिल्या दिवशी गाव लोटेल. निम्मे म्हणतील गार करा, उरलेले विचारतील सोबत काय आहे, एखादा बर्फ घेऊन येईल. त्या गर्दीत जाणकार शोधून सापडणार नाही. गावात मिळू लागलेल्या एलबद्दल बोलण्यासारखं त्याच्यापाशी काही उरलेलं नसेल. तो तोवर बेल्जियमच्या लॅम्बिककडे सरकलेला असेल, कारण ती ब्रसेल्सच्या आसपासच्या हवेतल्या रानटी यीस्टवरच आंबते, आणि ती हवा एसटीने काय, रेल्वेनेसुद्धा कड्यात येण्याचा धोका नाही.