सर्वानुमते मंजूर

‘गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व त्या सभेस गणसंख्येची अट राहणार नाही.’ गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीतलं हे वाक्य महाराष्ट्रातल्या फ्लॅटधारकांना तोंडपाठ असतं. विषयपत्रिका वाचायची राहून जाते, हे वाक्य राहत नाही. त्यामुळे सभा दहाची असली की मंडळी साडेदहाला खाली उतरतात. दहाला हजर असतात ते सेक्रेटरी, खुर्च्या मांडणारा वॉचमन आणि नव्यानंच राहायला आलेलं एखादं भाबडं जोडपं. आदर्श उपविधींप्रमाणे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी डोकी जमली तरी सभा कायदेशीर होते. शंभर घरांतून वीस डोकी दहा वाजता जमत नाहीत. जमली की मात्र सभा दीडपर्यंत आवरत नाही.

कायद्यानं ही सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकावी लागते, म्हणून ती बहुधा गणपतीच्या मागेपुढे येते. पार्किंगमध्ये मांडवाचे दोन-चार बांबू अजून भिंतीला टेकलेले असतात. आरतीसाठी आणलेला माईक सभेसाठी ठेवून घेतलेला असतो. त्याच माईकवरून अध्यक्ष ‘विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ असं म्हणतात, तोच मागच्या रांगेतून ‘कायम, कायम!’ असा पुकारा होतो आणि वाचण्याचा प्रश्नच मिटतो. लेखापरीक्षकाचा अहवाल, हिशेबपत्रकं, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं लाखांतलं अंदाजपत्रक, सगळं याच वेगानं कायम होत जातं. गाडी अडते ती पाहुण्यांच्या दुचाकी गेटच्या आत घ्याव्यात की नाहीत, या विषयावर. तिथं प्रत्येकाला मत असतं, अनुभव असतो, शिवाय दिवाळीत पाहुण्याला बाहेर स्कूटर लावावी लागल्याचा जुना सल असतो.

सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज इतिहासकारानं १९५७ साली ‘पार्किन्सन्स लॉ’ या पुस्तकात एका काल्पनिक समितीची अशीच फिरकी घेतली आहे. ती समिती एक कोटीची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर करते, सायकलींच्या शेडवर पाऊण तास घालवते आणि बैठकीतल्या कॉफीच्या किरकोळ खर्चावर सव्वा तास. कारण उघड आहे. अणुभट्टी कोणालाच कळत नाही, सायकल बऱ्याच जणांना कळते, आणि कॉफी तर सगळेच पितात. पार्किन्सनसाहेबांना आपल्या पार्किंगमध्ये एखादा रविवार बसवलं असतं, तर पुस्तकाचा दुसरा भाग तिथंच लिहून झाला असता.

एवढ्यावर भागलं असतं तर हसून सोडून देता आलं असतं. पण रंगाचं बघा. इमारतीला बाहेरून रंग द्यायचं ठरलं की एक उपसमिती नेमली जाते. आमच्या इमारतीत ती पाच जणांची होती आणि त्यांत एक चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका होत्या. ठेकेदारानं शेडकार्ड आणलं, गच्चीवर लिफ्टच्या खोलीमागच्या भिंतीवर निरनिराळ्या रंगांचे सहा चौकोन काढून दिले. बाई सकाळच्या उन्हात एकदा आणि दिवेलागणीला एकदा वर जाऊन ते बघून आल्या आणि म्हणाल्या, ‘‘सगळ्या इमारतीला फिकट राखाडी द्या आणि गॅलऱ्यांच्या कठड्यांना गडद निळा. राखाडीत पावसाचे ओघळ लपतात.’’

मत होतं, आणि कारणासकट होतं. पण समितीत कारणाला विचारतो कोण? तिथं कोणाला काय खटकतं, त्यावर सगळा कारभार. एकाला राखाडी रंग सुतकी वाटला. दुसऱ्याला निळा पाहून पोलीस चौकी आठवली. तिसऱ्यानं पिवळ्याची बाजू घेतली, कारण शेजारच्या इमारतीला तो शोभतो. चौथ्यानं पिवळ्याला विरोध केला, तेही नेमक्या त्याच कारणासाठी. शेवटी कोणालाच न खटकणारा, म्हणजे कोणालाच न आवडणारा, बिस्किटी रंग शिल्लक राहिला. ज्यांचं काहीच राहिलं नव्हतं त्यांच्या समाधानासाठी त्यावर एक चॉकलेटी पट्टा आला. पहिल्याच पावसाळ्यात खिडक्यांच्या खाली काळे ओघळ उतरले. इतिवृत्ताच्या वहीत मात्र सुवाच्य अक्षरात नोंद आहे : ठराव सर्वानुमते मंजूर. आता त्या पाचांपैकी कोणालाही जिन्यात गाठा. ते आवाज खाली आणून सांगतील, ‘‘मला तो रंग मुळात नकोच होता हो. पण म्हटलं, बाकीच्यांचं मन कशाला मोडा?’’

पाचही जण खरं बोलतात, ही यातली गंमत. बैठकीत आपण तोंड उघडण्याआधी समोरच्याचा चेहरा वाचतो. समोरचा त्याच वेळी आपला वाचत असतो. दोघांनाही एकमेकांच्या चेहऱ्यावर संमती दिसते आणि अळीमिळी गुपचिळी होऊन ठराव पुढे सरकतो. त्यात अध्यक्षांनी सुरुवातीलाच आपलं मत सांगून टाकलं असेल तर विचारूच नका. पुढचा प्रत्येक वक्ता ‘अध्यक्षांशी मी पूर्ण सहमत आहे, फक्त एक छोटीशी भर घालतो’ एवढंच म्हणायला उभा राहतो आणि ती छोटीशी भर वीस मिनिटं घालतो.

सोसायटीला नावं ठेवायची तर कचेऱ्यांनी काय घोडं मारलंय? सरकारी फाइल टेबलामागून टेबल चढत जाते. प्रत्येक पायरीवर ‘मान्यतेस्तव सादर’ असा शेरा आणि एक सही. वर पोचता पोचता कोणाला तरी धाकधूक वाटते आणि ‘कृपया चर्चा करावी’ असं लिहून तो ती पुन्हा खाली सोडतो. खासगी कंपन्यांत टेबलं कमी आणि काचा जास्त, पण चाल तीच. तिथं ‘सगळ्यांना लूपमध्ये ठेवा’ म्हणतात, आणि चर्चा अंगाशी येऊ लागली की ‘हे आपण ऑफलाइन घेऊ’ म्हणतात. एखादा निर्णय पुढे फसला तर त्यावर इतक्यांच्या सह्या असतात की दोष प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येतो, आणि चिमूटभर दोषानं कोणाची बढती अडत नाही. एकत्र बसून ठरवण्याची खरी ओढ मला वाटतं इथं आहे. शहाणपण वाढतं म्हणून आपण समित्या नेमतो असं म्हणतो खरं, पण पुष्कळदा नेमतो ते भीती वाटून घ्यायला.

मग एकट्यानंच ठरवावं का? तसं ठरवणाऱ्याचे हालही बघितले आहेत. एका रविवारी रात्री इमारतीच्या पंपाची मोटर जळाली. टाकीत थेंब नाही, सकाळी शाळा, ऑफिसं, वरच्या मजल्यावर एक आजारी आजोबा. सेक्रेटरींनी कोणालाही न विचारता ओळखीच्या दुकानदाराला घरून उठवलं, नवी मोटर आणवली, स्वतः टॉर्च धरून उभे राहिले. मध्यरात्रीच्या सुमाराला नळाला पाणी आलं. सर्वसाधारण सभेत त्यांचा सत्कार व्हायला हवा होता. झाला तो पंचनामा. ‘‘तीन कोटेशनं का मागवली नाहीत? दुकानदार आपल्या ओळखीचा कसा निघाला?’’ विचारणाऱ्यानं सोमवारी सकाळी त्याच पाण्यानं अंघोळ केली होती. बिस्किटी रंगाबद्दल मात्र त्या सभेत कोणी कोणाला एक प्रश्न विचारला नाही. पाच जणांना मिळून काय विचारणार?

अर्थात एकट्याच्या कारभाराची अडचण याहून मोठी असते. बारभाई म्हणजे गोंधळ, असं आपण धरून चालतो, पण मूळच्या बारभाईंचं काम चोख होतं. ऑगस्ट १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला आणि राघोबादादा पेशवे झाले, तेव्हा सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके वगैरे कारभारी एक झाले. एकमेकांना पुरतं ओळखून असलेली माणसं ती, त्यामुळे एकमेकांवर आंधळा विश्वास कोणाचाच नसावा. तरी त्यांनी नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाईंना पुरंदरावर सुरक्षित ठेवलं. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मले, आणि चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळवून मंडळींनी त्याच्या नावानं राज्य हाकलं. पुढे आपसात फाटलं. त्याच कारभाऱ्यांपैकी मोरोबा आणि सखारामबापू कैदेत गेले आणि सगळा भार एकट्या नानांवर आला. नानांनी तो वर्षानुवर्षं पेलला, पण तंबू एकखांबी झाला तो झालाच. १३ मार्च १८०० रोजी नाना गेले, आणि १८०२ सालच्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावांनी वसईच्या तहावर सही करून इंग्रजांची फौज पदरी घेतली. सगळं खापर खांबांच्या संख्येवर फोडता येणार नाही, तरी दुसरा खांब उभा राहिला नव्हता, हे नाकारताही येत नाही. संस्थांमध्येही हेच दिसतं. वीस वर्षं एकहाती कारभार पाहणारे सेक्रेटरी मुलाकडे राहायला जातात, आणि पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठं आहे, हे मागे कोणाला ठाऊक नसतं.

म्हणजे समितीत डोकी बिघडतात आणि एकट्याचा भरवसा नाही. या पेचातून वाट दाखवणारी एक गोष्ट मला फार आवडते. तिचा नायक बैल आहे. १९०६ साली इंग्लंडमध्ये प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एक पैज लागली. समोरचा बैल कापून साफ केल्यावर मांस किती पौंड भरेल, ते सहा पेन्सच्या तिकिटावर लिहून द्यायचं. शेतकरी, खाटीक, हौशेगवशे अशा शेकडो लोकांनी आकडे लिहिले. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञांनी नंतर ती तिकिटं मिळवली. सामान्य माणसाच्या अकलेवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. वाचता येण्याजोगी ७८७ तिकिटं त्यांनी चढत्या क्रमानं लावली आणि मधलं उचललं. त्यावर १२०७ पौंड होते. बैल भरला होता ११९८. फरक शेकड्याला एकाहूनही कमी! गाल्टननी हे १९०७ मध्ये ‘नेचर’मध्ये छापलं आणि दोन गोष्टी मुद्दाम नोंदवल्या. तिकिटाला पैसे पडत असल्यानं टिंगलखोर फिरकले नाहीत, आणि कोणाच्या भाषणाचा कोणावर परिणाम झाला नाही.

मला तो दुसरा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. तिथं सभा नव्हती. प्रत्येकानं बैलाकडे बघितलं, शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे नाही. त्याच लोकांना मांडवात बसवून ‘बैलाचे वजन निश्चित करणे’ हा विषय पुकारला असता, तर गावातल्या सर्वांत वजनदार माणसानं आधी आकडा सांगितला असता, बाकीच्यांनी त्यात छोटीशी भर घातली असती, आणि निर्णय लागेपर्यंत बैल वार्धक्यानं गेला असता.

सभेतला एकटा माणूस किती दबतो, हे मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेत पाहिलं. रेघांची लांबी ओळखायचा अगदी पोरकट प्रश्न. आधीपासून पढवून ठेवलेले सोबती मुद्दाम चुकीचं उत्तर देऊ लागले, की बिचाऱ्या खऱ्या उमेदवारांची तिसरा हिस्सा उत्तरंसुद्धा त्यांच्यामागून चुकीची जात. पण त्या सोबत्यांपैकी एकानं जरी बरोबर उत्तर दिलं, तरी ही पडती बाजू एकदम सावरे. आमच्या चित्रकलेच्या बाईंना बहुमताची गरज नव्हती. ‘‘बाई, ते ओघळांचं पुन्हा सांगा,’’ असं म्हणणारा एक अनुमोदक पुरला असता.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात असं. विचार एकट्यानं करावा, बोलणं चारचौघांत व्हावं आणि निर्णयाखाली नाव एकाचं असावं. आपण नेमका उलटा क्रम लावतो. घरून मोकळ्या डोक्यानं येतो, सभेत विचार करू लागतो आणि जबाबदारीच्या वेळी सर्वांच्या मागे जाऊन उभे राहतो. त्यामुळे यंदाच्या सभेला जाताना प्रत्येक विषयावरचं आपलं मत आणि त्याचं कारण एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. अध्यक्ष असाल तर सगळ्यांच्या चिठ्ठ्या आधी गोळा करा आणि स्वतःचं मत शेवटी सांगा. कोणी एकटा ‘नाही’ म्हणत उभा राहिला, तर पटत नसलं तरी त्याचं कारण एकदा पूर्ण ऐका. अडीअडचणीला कोणी एकट्यानं पुढे होऊन काम निभावलं, तर कोटेशनं मागण्याआधी त्याला धन्यवाद द्या. आणि ठराव लिहून घेताना सेक्रेटरींनी ‘सूचक कोण लिहू?’ असं विचारलं, तर इकडेतिकडे न बघता आपलं नाव सांगा.